पावती एका पिल्लाची, हिशेब साऱ्या जातीचा

जातिवंत कुत्र्यांच्या पैदाशीची नीती तपासायला हरसूल हे ठिकाण आधी विचित्रच वाटेल. त्र्यंबकेश्वर तालुक्यातले हे बाजाराचे गाव. जव्हार-मोखाडा जवळ, गुजरातची हद्दही जवळ. भात, नागली, वरई पिकवणाऱ्या कोकणा, वारली, महादेव कोळी पाड्यांत कुत्रे दारोदार असते, पण त्याचे आजा-पणजे कोणी विचारत नाही. तरी हेच गाव घेतले, कारण या डोंगरपट्ट्यात माणसांनी एका जनावराची जात पिढ्यान्‌पिढ्या राखली आहे. ती डांगी गाय-बैलाची. जात राखणे म्हणजे नेमके काय, हे कुत्र्यांच्या क्लबांपेक्षा डांगीच्या गोठ्यात लवकर समजते. पुरते तिथेही समजत नाही, पण ते पुढे येईलच. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो: पैदास हा एका घरात बसून घ्यायचा निर्णय नव्हे. आपल्या केनेलपुरता नीट वागणारा माणूस चांगला मालक असतो. तेवढ्याने तो जबाबदार पैदासकार ठरत नाही.

वाद दोघांत लावला आहे. एक ‘भाऊ’, हरसूलचाच पदवीधर तरुण. घरामागच्या जागेत कारवान जातीच्या कुत्र्यांची केनेल काढून नाशिकच्या गिऱ्हाइकांना पिल्ले विकावीत असा त्याचा बेत. दुसऱ्या ‘मॅडम’, याच भागात काम करणाऱ्या पशुवैद्यक. दोन्ही पात्रे मी रचली आहेत. त्यांची मते मात्र कुठल्याही श्वानप्रदर्शनाच्या मांडवात ऐकायला मिळतात.

भाऊ म्हणतो: “मॅडम, तुम्ही आधीच नाक मुरडू नका. मी पग आणणार नाही, हस्की तर नाहीच. चार महिने कपडे वाळत नाहीत अशा मुलखात हस्की ठेवणं म्हणजे त्या जनावराला शिक्षा, एवढं मला कळतं. मी कारवान ठेवणार. सोलापूर, लातूर, सांगली, कोल्हापूर आणि खाली मुधोळपर्यंतचं हे आपलंच कुत्रं; तिकडं त्यालाच मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपड्यांनी त्याची निगा राखली, मालोजीराजांनी त्याची जोडी विलायतेत पंचम जॉर्जला भेट दिली असं सांगतात. २००५ मध्ये मुधोळचं टपाल तिकीट निघालं, २०१६ मध्ये त्याची पिल्लं मेरठला लष्कराच्या केंद्रात प्रशिक्षणाला गेली. कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठानं तिम्मापूरला त्याच्यासाठी वेगळं केंद्र काढलं. सरकार जे करतं तेच मी केलं तर त्यात वावगं काय? आणि कायद्याचं म्हणाल, तर २०१७ चे कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम मी वाचलेत. राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करीन. अठरा महिन्यांच्या आत मादी लावणार नाही, वर्षाला एकच वेत, आयुष्यात पाचावर नाही, आठ वर्षांनंतर बंद. आठ आठवडे झाल्याशिवाय पिल्लू आईपासून तोडणार नाही. वर माझा एक नियम: गिऱ्हाइकाला नको झालं तर पिल्लू मीच परत घेईन. याहून जास्त जबाबदारी ती कोणती?”

मॅडमचे उत्तर: “तुम्ही वाईट माणूस आहात असं मी म्हणतच नाही, भाऊ. तुमच्यासारखे दहा निघाले तर नाशिकच्या पिंजऱ्यातल्या बाजाराला जरा चाप बसेल. पण माझी हरकत मुळातच आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे दीड कोटी भटकी कुत्री मोजली गेली, महाराष्ट्रात बारा लाखांच्या वर. त्यांना घर मिळत नसताना तुम्ही आणखी पिल्लं जन्माला घालणार आणि त्यांची किंमत लावणार. दुसरं म्हणजे तुमचं गिऱ्हाईक. पिल्लू फोटो बघून घेतलं जाणार. हे पळायला जन्मलेलं जनावर, आणि ते राहणार गंगापूर रोडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत. २००३ मध्ये टीव्हीवर मोबाइल कंपनीची एक जाहिरात लागली आणि बघता बघता घरोघरी पग आले. त्या कुत्र्याला या हवेत धड श्वास घेता येत नाही, हे जाहिरात बघून पग घेणाऱ्याला कोणी सांगितलं? हौसेनं जात वाढते आणि हौस फिटली की तीच जात रस्त्यावर येते. मादीचं वय, वेतांची संख्या, हे सगळे आईच्या अंगाचे नियम झाले, आणि ते हवेतच. पण हे जनावर जन्माला घालावंच का, हा प्रश्न त्या नियमांत कुठेच नाही.”

मॅडमच्या बोलण्यात दोन वेगळे आक्षेप एकात गुंफले गेले आहेत. ते सुटे केले पाहिजेत. भटक्या कुत्र्यांचा मुद्दा मनाला भिडतो, पण तर्काला तितकासा टिकत नाही. रस्त्यावरची कुत्री वाढतात ती उघड्या कचऱ्यामुळे आणि नसबंदीची कामे अर्धवट राहिल्यामुळे. हरसूलची एक केनेल बंद केल्याने नाशिकच्या एका गल्लीतले एकही कुत्रे कमी होत नाही. जे कारवान पाळायचे म्हणून आले आहेत त्यांतले किती जण त्याऐवजी गावठी पिल्लू उचलून नेतील, हाही प्रश्नच. शिवाय हा आक्षेप शेवटपर्यंत ताणला तर तो डांगीलाही लागू पडतो. देशात मोकाट गुरे थोडी नाहीत. मग डांगीचा वळू राखून ठेवणाऱ्या शेतकऱ्यालाही आपण हेच विचारणार का? नाही विचारत, कारण डांगीवाचून त्याचे अडते असे आपण मानतो. म्हणजे हेतुपूर्वक पैदास हे पापच, असे मॅडमनाही म्हणायचे नसावे. कामावाचून, केवळ रूपासाठी केलेली पैदास त्यांना खुपते. हा दुसरा आक्षेप खरा जड आहे आणि भाऊने त्याला अजून हातच लावलेला नाही.

त्याला हात लावायचा तर कारवानचे काम काय, हे विचारावे लागते. हे नजरेने शिकार करणारे कुत्रे. लांब पाय, खोल छाती, अरुंद कंबर, अंगावर चरबी नाही. कोरड्या, मोकळ्या माळावर सशामागे धावून त्याला गाठायचे, एवढ्यासाठी हे शरीर घडले. शेकडो वर्षे त्याचा परीक्षक होता तो ससा. ज्या कुत्र्याचा दम कमी, ज्याचे खुबे कच्चे, ज्याचे हृदय दुबळे, ते ससा गाठू शकत नसे आणि त्याची पिल्ले कोणी मागत नसे. दिसण्याबद्दलचे लाड होते, पण ते धावण्याच्या मागून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार बंद झाली आणि ते योग्यच झाले. पण त्याच दिवसापासून कारवान-मुधोळची जात परीक्षकावाचून राहिली, याची दखल त्यांच्या चाहत्यांपैकी फार थोड्यांनी घेतली. आता निवड होते ती मांडवात, दोरीच्या टोकाला उभे करून, किंवा फोटोत. लांब तोंड आणि बारीक कंबर जिंकते, तर पुढच्या पिढीत तोंड आणखी लांब आणि कंबर आणखी बारीक.

भाऊ: “मग लष्कर? तिथं तर कामच आहे.”

मॅडम: “लष्कराला लागतात थोडी, आणि ती त्यांच्या परीक्षेतून जातात. तुमच्या पिल्लांची परीक्षा कोण घेणार? या डोंगरात कारवान मोकळं सोडाल तर ते जंगलातल्या सशामागे जाईल आणि वनखातं तुमच्या मागे येईल. बांधून ठेवाल तर ते कारवान कशासाठी? आणि रात्री अंगणात बांधाल तर बिबट्या आहेच. शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं होतं, २०१४ मध्ये तो अभ्यास छापून आला. त्यानं खाल्लेल्या एकूण वजनात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा. आपल्याकडची गावठी कुत्री रात्री ओट्याला चिकटून राहतात, एक भुंकलं की सगळी भुंकतात. शहाणपण त्यांना कोणी शिकवलं नाही. ज्यांना नव्हतं ती उरली नाहीत.”

इथे मॅडमचे पारडे जड आहे असे वाटते, आणि आहेही. पण त्यांचा निष्कर्ष, पैदास थांबवावी हा, यातून आपोआप निघत नाही. परीक्षक गेला तर दुसरा नेमता येतो का, हे आधी पाहायला हवे. त्याआधी भाऊच्या केनेलमध्ये पुढच्या दहा वर्षांत प्रत्यक्ष काय घडेल ते पाहू, कारण खरी मेख तिथे आहे.

भाऊ: “मी चार माद्या वेगवेगळ्या घरांतून आणीन, आणि नर एकच, पण अव्वल. पाच पिढ्यांचे पेपर असलेला, शोमध्ये जिंकलेला. त्याला बाहेरची मेटिंगही मिळेल. पेपर असले की वंश स्वच्छ, त्यात भेसळ नाही, हे तरी मान्य करा.”

मॅडम: “पेपरवर आजा-पणज्यांची नावं असतात, भाऊ. आजा कशानं मेला हे असतं का? समजा तुमच्या अव्वल नराच्या अंगात एखाद्या आजाराचं जनुक दडलेलं आहे. एकच प्रत आहे म्हणून तो ठणठणीत. त्याची निम्मी पिल्लं ते जनुक घेऊन जन्मतील, तीही ठणठणीत. तो जिंकलेला नर, म्हणून दहा ठिकाणी मेटिंग झालं. पुढच्या पिढीत त्याची दोन वेगळ्या माद्यांची पिल्लं एकमेकांना लावली गेली. पेपरवर दोघांचा बाप एक आहे हे दिसतं, पण ‘लाइन पक्की होते’ म्हणून लोक मुद्दाम तसंच करतात. दोघंही ते जनुक बाळगून असण्याची शक्यता चारात एक. तशी जोडी लागली की पिल्लू आजारी निघण्याची शक्यता पुन्हा चारात एक. म्हणजे सोळात एक पिल्लू आजारी. तुमच्या घरी वेताला सहा पिल्लं धरा. दोन-तीन वेतांत एखादं आजारी निघणार. तेही आठव्या आठवड्याला धडधाकट दिसणार, विकलं जाणार, आणि तिसऱ्या वर्षी सिडकोतल्या कुठल्या तरी घरात त्याचे डोळे जाणार. मालक म्हणेल, नशीब. तुम्हाला फोनही येणार नाही. आणि तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे सांगाल, माझ्याकडचं एकही पिल्लू आजारी पडलेलं नाही.”

या शेवटच्या वाक्यात सारा प्रश्न आला आहे. भाऊ खोटे बोलणार नाही, तरीही त्याचे म्हणणे खोटे असेल. एका घरातून पाहिले तर जे योगायोग दिसते ते साऱ्या जातीच्या नोंदी एकत्र ठेवल्या तर ठळक दिसते. म्हणून सज्जनपणा इथे अपुरा पडतो. ब्रिटनमध्ये १८७३ पासून केनेल क्लब आहे आणि तिथल्या नोंदी जगात सर्वांत नीट ठेवलेल्यांपैकी. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी त्या नोंदींतल्या दहा जातींची वंशावळ तपासून २००८ मध्ये निष्कर्ष छापले. दहापैकी सात जातींत विरळ जनुकीय रूपांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अवघ्या सहा पिढ्यांत नाहीशी झाली होती. ब्रिटनमधल्या सुमारे दहा हजार पगमधले वैविध्य पन्नासेक जनावरांच्या कळपाइतकेच उरले होते. यातल्या बहुतेक पैदासकारांचे आपल्या कुत्र्यांवर प्रेम होते. त्याच वर्षी बीबीसीने या जातींच्या आजारांवर माहितीपट दाखवला आणि २००९ मध्ये ‘क्रफ्ट्‌स’ या जगप्रसिद्ध श्वानप्रदर्शनाचे प्रक्षेपण थांबवले, तेव्हा हे लोक खरोखरच दुखावले गेले. आपण काय चुकलो हेच त्यांना कळेना. चूक एकाही घरात शोधून सापडली नसती. ती सर्वांनी मिळून केली होती, आणि मिळून दुरुस्त करायची त्यांच्याकडे व्यवस्था नव्हती.

दुरुस्तीचे उदाहरणही आहे. डाल्मेशियन, तो पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांचा. या जातीच्या नोंदणीकृत कुत्र्यांत युरिक आम्लाचा दोष इतका पक्का बसला होता की निर्दोष प्रत कोणाकडेच उरली नव्हती. लघवीत खडे होत, नरांचा मार्ग तुंबे. १९७३ मध्ये अमेरिकेतले आनुवंशिकीतज्ज्ञ रॉबर्ट शायबल यांनी एक डाल्मेशियन एकदाच पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी लावला आणि पुढे प्रत्येक पिढी पुन्हा डाल्मेशियनशीच. हिशेब सोपा आहे: दर पिढीला बाहेरचा वाटा निम्मा होतो, सात वेळा परत लावले की तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातो. राहते ती निर्दोष प्रत. १९८१ मध्ये अमेरिकन क्लबने या वंशातली दोन कुत्री नोंदवली, आणि जातीचे शौकीन खवळल्यावर नोंदणी थांबवली. दार पुन्हा उघडायला २०११ उजाडले. मधली तीस वर्षे खड्यांनी कुत्री तडफडली ती शुद्धतेच्या रक्षणासाठी. रक्षण कोणाचे झाले, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

भाऊ (जरा वेळ गप्प राहून): “म्हणजे बाहेरचं रक्त घ्या, असं म्हणता. मॅडम, आपल्याकडं बाहेरच्या रक्तानं काय केलं ते तुम्ही रोज बघता. जर्सी आली, एचएफ आली. खाली सपाटीला दूध वाढलं, इथं पावसात त्या गायी टिकेनात. आणि ज्यांनी डांगीचा त्यांच्याशी संकर केला त्यांच्या गोठ्यात डांगी उरली नाही. ‘नोंदणीचं पुस्तक उघडं ठेवा’ म्हणणं सोपं आहे. उघड्या दारातून आधी कोण शिरतं?”

हा आक्षेप या वादातला सर्वांत चांगला आहे आणि मॅडमनी त्याला पटकन उत्तर देता कामा नये. त्यासाठी डांगीकडे नीट पाहू. डांगीचा मुलूख म्हणजे सह्याद्रीचा हा पावसाळी पट्टा: नाशिकचा पश्चिम भाग, अकोले, जव्हार-मोखाडा आणि पलीकडे गुजरातचा डांग जिल्हा. पांढऱ्या अंगावर लाल किंवा काळे ठिपके, काळी टणक खुरे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कातडीतून पाझरणारा तेलकट स्राव. त्यामुळे भाताच्या आवणीच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाऊस झेलूनही बैल चिखलात उभा राहतो. दुधाच्या बाबतीत डांगी गरीब. एका वेताला सरासरी पाचशे किलोच्या आसपास. दुधाच्या हिशेबाने ती कधीच मोडीत निघायला हवी होती. ती टिकली, कारण तिची निवड दुधावर झालीच नाही. पाऊस, चिखल आणि चढ यांनी ती निवडली. तिला पेपर नव्हते. वळू पलीकडच्या गावातून यायचा, हाटातून यायचा, कधी दुसऱ्याच्या कळपात मिसळायचा. जात राखली गेली ती भिंत घालून नव्हे. जे या पावसात टिकत नाही ते पुढे जात नाही, या एका चाळणीने. सरकारलाही वळूची चिंता पूर्वीपासून होती. वळू ठेवायला परवाना लावणारा मुंबई इलाख्याचा पशुधन सुधारणा कायदा १९३३ चा. पण कागदाच्या चाळणीपेक्षा चिखलाची चाळणी बारीक.

म्हणून भाऊच्या प्रश्नाचे उत्तर असे: दार उघडे ठेवणे आणि दारच काढून टाकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जर्सीचे रेतन सरसकट झाले, दुधाचा एकच आकडा डोळ्यांपुढे ठेवून, आणि परत डांगीकडे वळायची योजनाच नव्हती. डाल्मेशियनमध्ये पॉइंटर एकदा आला, एका दोषासाठी आला, आणि पुढच्या प्रत्येक पिढीत परत डाल्मेशियनच. फरक रक्तात नाही. कशासाठी आणि कोणाच्या देखरेखीखाली, यात आहे. आणि इथे पुन्हा तीच अडचण: असा निर्णय एकटा भाऊ घेऊ शकत नाही. एकट्याने घेतला तर तो खरोखरच भेसळ ठरेल, कारण पुढच्या सात पिढ्या त्याच्या चार माद्यांत मावत नाहीत.

भाऊ: “पण डांगीचीही प्रदर्शनं भरतात. राजूरला भरतं, घोटीला भरतं. तिथं रंग बघतात, शिंगं बघतात, वशिंड बघतात, फेटे बांधतात. तिथं तुम्ही सरकारी खात्यातर्फे जाता. मग कुत्र्यांच्या शोला नावं का?”

मॅडम: “कारण राजूरला पहिला आलेला बैल नंतर चिखलात उतरतो. तिथं तो बसला, तर गावात दुसऱ्या वर्षी त्याचं नाव कोणी काढत नाही. तुमच्या शोमध्ये जिंकलेला नर नंतर काय करतो? मेटिंग करतो.”

उत्तर फटकळ आहे, पण खरे आहे. मात्र मॅडमनी ज्याच्यावर भिस्त ठेवली तो चिखलही आता निवृत्त होतो आहे. पॉवर टिलर डोंगरातल्या खाचरांपर्यंत पोहोचले आहेत. बैलजोडी पाळणे परवडत नाही, चराऊ जागा आकसल्या आहेत. ज्या वर्षी इथल्या शेवटच्या जोडीची आवणी संपेल त्या वर्षापासून राजूरचे प्रदर्शन हा डांगीचा एकमेव परीक्षक उरेल, आणि डांगी कारवानच्या वाटेला लागेल: ठिपके सुंदर, पण पाऊस सोसेना. कुत्र्यांच्या जातींवर दीडशे वर्षांत जे ओढवले ते आपल्या गुरांवर ओढवू शकते, हे पशुसंवर्धनाच्या चर्चेत मला फारसे ऐकू येत नाही. आपण आकडे मोजतो. जात उरली का, ते डोकी मोजून कळत नाही.

तर मग परीक्षक नेमायचा कसा? कायद्याने, असे कोणी म्हणेल. नॉर्वेत ते झाले. प्राणिसंरक्षण संघटनेने केनेल क्लब, जातींचे क्लब आणि काही पैदासकार यांना कोर्टात खेचले; ऑस्लोच्या न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये इंग्लिश बुलडॉग आणि कॅव्हेलियर या दोन जातींची पैदास कायद्याविरुद्ध ठरवली. वरच्या न्यायालयाने बुलडॉगच्या पैदासकारांना सोडले, पण कॅव्हेलियरबाबतचा निकाल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला. ध्यानात घेण्याजोगे हे की शास्त्रीय आधारावर बाहेरचे रक्त आणायला कोर्टाने मज्जाव केलेला नाही. बंद पुस्तकात तेच तेच फिरवायला केला. आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये केंद्राने तेवीस जाती ‘हिंस्र’ म्हणून एका पत्रकाने बंद करू पाहिल्या, आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केले. नावांची यादी काढून दोष जात नाहीत. ब्रिटनमधल्या एका पाहणीत बुलडॉगच्या ८६ टक्के वेतांत सिझेरियन करावे लागल्याचे दिसले. अशी जात ‘हिंस्र’ नसते, पण तिची पैदास ही आईवर केलेली हिंसाच आहे. कायदा टोकाचे रोखू शकतो. दैनंदिन निवड त्याला करता येत नाही. ती पैदासकारांच्या मंडळालाच करावी लागते, आणि तसे मंडळ नसेल तर कोणीच करत नाही.

भाऊ: “ठीक. मग मला नेमकं सांगा, काय केलं तर तुम्ही माझ्या केनेलला हरकत घेणार नाही?”

मॅडम: “पहिलं म्हणजे नर ठेवू नका. एक-दोन माद्या ठेवा, आणि नर सोलापूर-सांगलीकडच्या वीस-पंचवीस पाळणाऱ्यांच्या गटातून घ्या. तोही असा की ज्याची आधीच पाच-सहा वेतं झालेली नाहीत. गटाची एक वही हवी. तीत प्रत्येक पिल्लाचं पुढं काय झालं, कशानं आजारी पडलं, कशानं मेलं, हे लिहिलेलं हवं. तुमच्या घरचं असेल तर आधी लिहिलेलं. पिल्लाला मायक्रोचिप, आणि दोन वर्षं दर सहा महिन्यांनी मालकाला तुमचा फोन. प्रत्येक नर-मादीला लावण्याआधी एक शर्यत, यांत्रिक आमिषामागे, ससा नाही. आणि तिच्यानंतर हृदयाची तपासणी. हरली तर लावायची नाही, दिसायला कितीही देखणी असली तरी. कर्नालच्या राष्ट्रीय ब्युरोनं मुधोळची नोंद जात म्हणून केली आहे, तिम्मापूरचं केंद्र आहे. तुमच्या गटाची वही त्यांना द्या. आणि हे सगळं जमलं तरी केनेल हरसूलला नको. माळावर काढा. हा पाऊस त्या कुत्र्याचा नाही.”

भाऊ: “वहीत मी लिहिलं की माझ्या मादीच्या पिल्लाचे डोळे गेले, तर उद्या तिच्या पिल्लाला गिऱ्हाईक कोण? शेजारचा लिहिणार नाही आणि त्याची पिल्लं विकली जातील. खरं बोलणारा बुडणार, मॅडम.”

इथे मॅडम अडखळतील आणि त्यांनी अडखळावे हेच बरे, कारण या प्रश्नाला नीतीच्या उपदेशात उत्तर नाही. उत्तर व्यवहारात आहे. जोवर वही ऐच्छिक आहे तोवर खरे लिहिणारा तोट्यातच राहणार. म्हणून गटात शिरण्याची अटच ही असावी लागते की वहीत नोंद नसलेल्या पिल्लाला गटाचा शिक्का नाही, आणि ज्या वहीत पाच वर्षांत एकही आजार नाही तिची तपासणी आधी. दुसरी बाजू गिऱ्हाइकाची. नाशिकचा माणूस पिल्लासाठी हजारो रुपये मोजतो, आणि त्या पैशात आज त्याला पाच पिढ्यांची नावे मिळतात. तेच पैसे त्याने आजोबांच्या मृत्यूच्या कारणासाठी मोजायला तयार व्हायला हवे. तसे मोजणारे पन्नास गिऱ्हाईकही सापडत नसतील, तर भाऊने केनेल काढू नये. आणि यात भाऊवर अन्याय होतो हे मान्य केले पाहिजे, कारण तो बाजारातल्या बहुतेकांहून चांगला माणूस आहे.

भाऊचे अजून एक म्हणणे उरते. त्याने ते बरोबर निघता निघता काढले: “मग दारातल्या गावठ्याचं काय? त्याची वही कोण ठेवणार?” मॅडमकडे याला उत्तर नव्हते, माझ्याकडेही पुरते नाही. बिबट्या, पाऊस, गोचीड आणि उपास या चार चाळण्यांतून आलेले ते जनावर आहे, आणि शहरांतून टाकून दिलेली, अर्धवट संकराची कुत्री आता घाट चढून त्याच्यात मिसळत आहेत. ते राखण्याजोगे आहे का, आणि असेल तर हात न लावता राखायचे कसे, हा पैदाशीच्या नीतीचाच प्रश्न आहे. फक्त त्यात विकण्याजोगे पिल्लू नाही, म्हणून तो कोणी विचारलेला नाही.